स्नेहत्यागाचं गृहीतक

"भावाचं नि माझं पटत नाही, असं लिहून हवंय," समोरची बाई म्हणाली.

"किती वर्षांपासून पटत नाही?"

"तेच विचारायला आले. किती वर्षं लागतात?"

मी चष्मा पुसला. "बारा."

"मग बारा टाका. फक्त तारीख दिवाळीनंतरची घालाल का? भाऊबीजेला तो यायचाय. मी अनारसे केलेत."

"अनारसे खाऊ घाला. पण फोटो काढू देऊ नका," असं म्हणून मी टाइप करायला घेतलं.

गेल्या दिवाळीच्या आधीच्या आठवड्यात माझ्या टेबलावर असे एकोणीस कागद झाले. आमच्या शेडमधल्या बाकीच्या दस्तलेखकांनी त्याला नावही पाडलं होतं, भांडणपत्र. एका बाईने तर राखीच्या पाकिटावर पत्त्याखाली 'कोणताही हक्क न सोडता' असं लिहून राखी पोस्टात टाकली होती. भाऊही काही मागे नव्हते. एक जण बहिणीला साडी देताना तिच्याकडून 'प्रेमाने स्वीकारली' अशी पोच लिहून घ्यायला आला होता. बहीण शेजारीच उभी होती. तिने साडी घेतली, पोच दिली नाही, आणि दोघं एकाच रिक्षातून घरी गेले.

मी नलिनी खुस्पे. तालुक्याच्या गावी, नोंदणी कार्यालयाबाहेरच्या पत्र्याच्या शेडमध्ये चोवीस वर्षं बसते. खरेदीखत, भाडेकरार, मृत्युपत्र, हक्कसोडपत्र, जे लागेल ते लिहून देते. शाळा दहावीपर्यंत. कायदा शिकले तो दुसऱ्यांचे कागद लिहिता लिहिता, स्वयंपाक शिकावा तसा. आधी मीठ जास्त पडलं, मग हाताला अंदाज आला.

त्या आठवड्यातला विसावा कागद लिहायचा राहिला, कारण विसावी बाई कागद मागायला आलीच नव्हती. ती होती चंद्रकला भोईटे. तिला ॲडव्होकेट मुनीरा बागवानने दंडाला धरून आणलं होतं.

चंद्रकला पेठेत शेवयांचं यंत्र चालवते. तेविसाव्या वर्षी नवऱ्याने टाकली, तेव्हा माहेरी आली. वडिलांनी घराच्या पुढच्या दोन खोल्या दिल्या, वरची गच्ची दिली. उन्हाळ्यात गावातल्या बायका पीठ घेऊन येतात, आणि ती गच्चीवर साड्या अंथरून त्यावर शेवया वाळत घालते. वडील मृत्युपत्र न करता गेले, म्हणजे कायद्याने निम्मं घर तिचं, निम्मं धाकट्या भावाचं, वसंताचं. वसंता पंचवीस वर्षं पुण्यात. आता त्याला घर विकायचं होतं. तिने वाटपाचा दावा लावला होता.

"हिला सांगा मावशी," मुनीरा म्हणाली. "भांडणपत्र कर म्हणते, तर ऐकत नाही."

"कुणाशी भांडू?" चंद्रकला म्हणाली. "वसंत्याशी? त्याचा शेंबूड पुसलाय मी."

"हे कोर्टात बोलू नका हं, चंद्रकलाताई. पाया पडते."

चंद्रकला चहा आणायला गेली तेव्हा मुनीराने माझ्यासमोर निकालपत्र टाकलं. चैत्रात लागलेला, वरच्या कोर्टाचा तोच निकाल. दोनशे बारा पानं. अख्ख्या राज्याच्या बहिणींना भांडायला लावणारा हाच. मला त्यातलं ऐकीव तेवढंच माहीत होतं.

"मला नीट सांग," मी म्हटलं. "हे कोर्टातलं नवं यंत्र, 'अन्वय', म्हणजे आहे काय?"

मुनीराला समजावून सांगायला आवडतं. वकील नसती तर ती शाळेत शिकवत असती आणि पोरं तिला घाबरली असती.

"कायद्याचा अर्थ लावायचा म्हणजे काय, यावर शहाण्या माणसांची फार जुनी भांडणं आहेत," ती म्हणाली. "एक पंथ म्हणतो, कागदावर शब्द आहेत तेवढाच कायदा. पण शब्द सगळ्या प्रसंगांना पुरत नाहीत. दुसरा म्हणतो, लिहिणाऱ्यांच्या मनात काय होतं ते शोधा. पण लिहिणारे शेकड्याने, त्यातले निम्मे मत देताना जांभया देत होते, आणि आता बरेचसे वारलेत. कुणाचं मन शोधणार? म्हणून तिसरा पंथ. तो म्हणतो, कायदा म्हणजे नुसता मजकूर नाही. ती चालत आलेली रीत आहे. जुने निकाल, जुने दस्त, लोक कसे वागले, सगळं त्यात आलं. न्यायाधीशाने त्यातून असं तत्त्व काढायचं, जे आजवरच्या रीतीला जुळेल, आणि शिवाय त्या रीतीला जास्तीत जास्त चांगल्या उजेडात दाखवेल."

"सोयरिकीसारखं," मी म्हटलं. "पत्रिका जुळली पाहिजे आणि जोडा शोभलाही पाहिजे."

"अगदी. तर माणूस न्यायाधीश बिचारा किती वाचणार? आयुष्यभरात काही हजार निकाल. अन्वय सगळे वाचतो. रेकॉर्ड रूममधले दोऱ्याने बांधलेले गठ्ठेसुद्धा स्कॅन करून त्याला वाचायला दिलेत. एक वाद आला की तो हजारो तत्त्वं मांडतो. प्रत्येक तत्त्वाला आजवरच्या किती नोंदी जुळतात ते मोजतो. फार थोड्या जुळल्या तर ते तत्त्व बाद. उरलेल्यांतून तो असं निवडतो, की ज्याच्यामुळे भूतकाळाला कमीत कमी मान खाली घालावी लागेल."

"हे तर चांगलंच आहे की."

"हो. म्हणून तर वाईट झालं." मुनीराने पान उलटलं. "प्रश्न असा होता. कायदा म्हणतो, लेकीला मुलाइतका वाटा. आणि रीत म्हणते, लाखो लेकी निबंधकासमोर येऊन तो वाटा सोडून देतात. दोन्हीचा एकत्र अर्थ लावायचा कसा? एक अर्थ, बहिणींवर दबाव असतो. माहेर तुटेल, दार बंद होईल, या भीतीने सह्या होतात. तसं मानलं तर राज्यातले निम्मे दस्त खोटे ठरतात आणि सगळा समाज लबाड. ना जुळत, ना शोभत. दुसरा अर्थ, बहिणी मायेने सोडतात. तसं मानलं की कायदाही चांगला, बहिणीही चांगल्या, भाऊही चांगले. सगळं जुळतं आणि सगळं शोभतं."

"आणि त्याने दुसरा घेतला."

"त्याचं नाव स्नेहत्यागाचं गृहीतक. बहीणभावाचे संबंध बारा वर्षं मायेचे असतील आणि तिने वाटा मागितला नसेल, तर तिने तो मायेने सोडला असं कायदा धरून चालणार. सही केलेली असो वा नसो. नको असेल तर तिने सिद्ध करायचं, की माया नव्हती."

"म्हणजे चांगलं वागलेल्या बहिणीला काही नाही आणि भांडखोरीला निम्मं?"

"निकालात हे फार सुंदर शब्दांत लिहिलंय," मुनीरा म्हणाली.

मी ते सुंदर शब्द वाचायला घेतले. शंभरेक पानांनंतर एक परिशिष्ट होतं. त्याच्या आरंभी अन्वयने लिहिलं होतं, की दस्तांमधल्या ठरावीक वाक्यांना त्याने पुरावा म्हणून शून्य वजन दिलं आहे. 'स्वखुशीने, कोणाच्याही दबावाशिवाय' वगैरे शब्द सगळीकडे सारखेच असतात, ते कारकुनी आहेत, त्यांतून बाईचं मन कळत नाही. हुशार यंत्र. मला त्याचं कौतुक वाटलं. पुढे लिहिलं होतं, 'तथापि, एका भूभागातील हजारो दस्तांत स्त्रियांचे वैयक्तिक, परस्परांहून भिन्न व उत्स्फूर्त उद्गार आढळतात. या समाजाने आपल्या रीतीचा काय अर्थ लावला, याचा तो सर्वांत विश्वासार्ह पुरावा होय.'

आणि खाली ते उद्गार.

'पहिल्या बाळंतपणात वहिनीने माझ्यासाठी चाळीस दिवस शेगडी पेटती ठेवली, तिच्या अंगणात मी भिंत कशी घालू.'

'भावाने स्वतःची सायकल विकून मला परीक्षेला पाठवले, माझा वाटा मला तेव्हाच मिळाला.'

'मला माहेराहून काही नको, फक्त वर्षातून एकदा त्या विहिरीचे पाणी प्यावे अशी इच्छा आहे.'

पानभर. दोन पानं. अकरा पानं.

"मावशी? पाणी देऊ का?" मुनीराने विचारलं.

"हे माझं आहे," मी म्हटलं.

"काय?"

"ही वाक्यं. मी लिहिलीत."

त्याचं असं झालं होतं. धंद्यात नवी होते तेव्हा एक बाई हक्कसोडपत्र ऐकून म्हणाली, "एवढंच? माझं सगळं माहेर, आणि कागदावर नुसता घर नंबर?" माझ्याने राहवलं नाही. मी म्हटलं, थांबा जरा. आणि चतुःसीमेच्या खाली एक वाक्य घातलं. तुझ्या घरचं काहीतरी सांग म्हटलं, ती म्हणाली वहिनी, म्हणाली शेगडी, मी जुळवलं. बाईने ते दोनदा वाचायला लावलं, पदराने डोळे टिपले आणि सही केली. जे द्यायचंच होतं ते तिला ताठ मानेने देता आलं, एवढंच मी केलं.

तेव्हापासून प्रत्येकीला एक वाक्य. कुणाला विचारून, कुणाला न विचारता. न बोलणाऱ्या बायकांसाठी मी मनानेच रचायचे. विहीर माझी, सायकल माझी. दोन सारखी होऊ देत नव्हते, कारण बायका एकमेकींचे कागद बघतात. शेडमधल्या इतरांनी ती उचलली, थोडी फिरवली, शेजारच्या तालुक्यात नेली. ठरावीक लिहिलं असतं, रुक्ष लिहिलं असतं, तर यंत्राने शून्य वजन देऊन पान उलटलं असतं. मी जीव ओतून लिहिलं, म्हणून त्याने विश्वास ठेवला.

चंद्रकला चहा घेऊन आली तेव्हा मुनीरा टेबलावरून पुढे वाकून मला म्हणत होती, "मावशी, हे तुम्ही कोर्टात सांगाल? शपथेवर? उद्गार बायकांचे नाहीतच, एवढं सिद्ध झालं तर गृहीतकाचा पायाच निघतो."

"परवाना जाईल त्यांचा," चंद्रकला म्हणाली. तिला काय चाललंय ते अर्धंच कळलं होतं, पण नेमकं अर्धं.

"तुझ्या खोल्या राहतील," मी म्हटलं.

दाव्याची तारीख पौषात लागली. आधी चंद्रकलेची साक्ष. मुनीराने तिला आठवडाभर पढवलं होतं. खोटं नको, फक्त कमी बोला. विचारतील तेवढंच.

न्यायाधीश बाई तरुण होत्या, डोळ्यांखाली वर्तुळं. त्यांच्या शेजारी अन्वयचा पडदा. अन्वयला प्रत्येक साक्षीदाराला तीन प्रश्न विचारायची मुभा असते, ते न्यायाधीशांनी वाचून दाखवायचे. प्रश्न अतिशय सभ्य असतात. त्यांचीच भीती वाटते.

"आपल्या भावाविषयी आपल्या मनात माया होती काय?"

चंद्रकलेने मुनीराकडे पाहिलं नाही. वसंताकडे पाहिलं. तो समोरच्या बाकावर बसला होता, केस पांढरे झालेला, हातात रुमाल.

"होती," ती म्हणाली. "आहे. त्याचा आणि माझ्या खोल्यांचा काय संबंध?"

मुनीराने डोळे मिटले. न्यायाधीश बाईंनी उत्तर लिहून घेतलं. पुढचे दोन प्रश्न अन्वयने विचारलेच नाहीत.

बाहेर व्हरांड्यात वसंता बहिणीपाशी आला. "अक्का, मी काय तुला रस्त्यावर टाकतोय का? माझ्याकडे ये ना राहायला. तुझ्यासाठी खोली काढलीय."

"शेवया कुठे वाळत घालू? तुझ्या गॅलरीत?"

"आता या वयात कशाला करायच्या शेवया?"

"हेच," चंद्रकला म्हणाली. "हेच तुला कळत नाही, आणि म्हणून तुझा रागही येत नाही."

आता सगळा भार माझ्यावर आला. पुढच्या तारखेला माझे दादा माझ्याबरोबर आले. यशवंत दादा, एसटीच्या वर्कशॉपमधून निवृत्त झालेले. मला एकटीला कोर्टात धडधडतं म्हणून त्यांनी स्कूटर काढली. "आयुष्यभर कोर्टाच्या दारात बसलीस आणि आत जायला घाबरतेस," असं म्हणून वाटेत दोनदा हसले. मागच्या बाकावर जाऊन बसले, मांडीवर हेल्मेट.

मी सगळं सांगितलं. चोवीस वर्षं, वाक्यं कशी रचली, का रचली. मुनीराने माझ्या जुन्या वह्या दाखल केल्या. त्यांत मी वाक्यांचे कच्चे खर्डे करायचे. कोर्टात कुजबुज झाली. न्यायाधीश बाईंच्या चेहऱ्यावर त्या दिवसात पहिल्यांदा काहीतरी हललं. मला वाटलं, झालं काम.

मग प्रश्न.

"साक्षीदाराने रचलेली वाक्ये सही करण्यापूर्वी त्या स्त्रियांना वाचून दाखवली जात होती काय?"

"हो. प्रत्येकीला."

"त्यांपैकी कोणी ते वाक्य काढून टाकण्यास सांगितले काय?"

मी आठवून पाहिलं. खरंच आठवून पाहिलं. "नाही. दोघीचौघी रडल्या. काढ कुणी म्हणालं नाही."

तिसरा प्रश्न न्यायाधीश बाईंनी आधी मनात वाचला. मग पाण्याचा घोट घेतला.

"साक्षीदाराने अकरा वर्षांपूर्वी स्वतःच्या बंधूंच्या लाभात हक्कसोडपत्र नोंदवले आहे. त्यात पुढील वाक्य आहे. 'आई गेली तेव्हा मी सहा वर्षांची होते, आणि माझ्या भावाने शेजारणीकडून शिकून घेऊन चौथीपर्यंत रोज माझी वेणी घातली.' हे वाक्यही साक्षीदाराने केवळ रचलेले, म्हणजे असत्य आहे काय?"

हे मला सुचलंच नव्हतं. चोवीस वर्षांत साडेतीन हजार बायकांचे कागद लिहिले, आणि त्यांत एक माझाही आहे, हे मी साफ विसरले होते. शिंप्याने सगळ्यांची मापं घ्यावीत आणि स्वतःच्या अंगावर काय आहे ते पाहू नये, तसं झालं.

अन्वयला काय हवं होतं ते मला स्वच्छ दिसलं. वाक्य खरं आहे म्हटलं, तर रचलेली वाक्यंही खरी असू शकतात. बाई रचते, पण खरं तेच रचते. मग परिशिष्ट तसंच उभं राहतं आणि चंद्रकलेच्या खोल्या जातात. खोटं आहे म्हटलं तर माझी साक्ष एकसंध राहते.

चंद्रकला फरशीकडे बघत होती. ती मला काहीच सांगत नव्हती. सांगितलं असतं तर बरं झालं असतं.

दादा मागच्या बाकावर थोडे पुढे सरकून बसले होते, कमी ऐकू येणारी माणसं बसतात तसे. चेहऱ्यावर हसूच होतं. वेणीचं नाव निघालं म्हणून लाजल्यासारखं हसू.

"असत्य आहे," मी म्हटलं.

"जरा मोठ्याने सांगता?" न्यायाधीश बाई म्हणाल्या.

"खोटं आहे. असं काही झालं नव्हतं. मी रचलं."

परत येताना दादांनी गतिरोधकावर स्कूटर नेहमीसारखी हळू केली, मला धक्का बसू नये म्हणून. घरासमोर उतरवलं. "दार लावून घे," म्हणाले, आणि गेले.

मी फोन करणार होते. त्याच संध्याकाळी मुनीराचा निरोप आला, निकाल लागेपर्यंत भावाशी एक शब्द नको. तुमची साक्ष खोटी पाडायला प्रतिवादीचे वकील टपून आहेत.

पंधरा दिवसांनी निकाल लागला. न्यायाधीशांना अन्वयपेक्षा वेगळं मत देता येतं, फक्त कारणं लेखी द्यावी लागतात. बाईंनी निकाल वाचण्याआधी, लिहून न घेता, मुनीराला म्हटलं, "तीन रात्री कारणं लिहीत होते. प्रत्येक कारणाला तो मला आधीचे चारशे निकाल दाखवतो. चारशे जण चुकले आणि मी बरोबर, असं कुठल्या तोंडाने लिहू?" मग त्यांनी वाचलं.

अन्वयने माझी साक्ष फेटाळली नव्हती. फेटाळली असती तर मी सहन केलं असतं. त्याने ती स्वीकारली.

'साक्षीदार ही प्रामाणिक व संवेदनशील स्त्री आहे. वाक्ये तिने रचली हे मान्य. परंतु हजारो स्त्रियांनी ती ऐकली, एकीनेही नाकारली नाही, काहींनी अश्रूंनी स्वीकारली. शब्द एकीचे, अर्थ सर्वांचा. स्वतःच्या दस्ताविषयी साक्षीदाराने दिलेले उत्तर, तिच्या आवाजातील फरक व इतर नोंदी पाहता, वस्तुस्थितीस धरून नाही. मात्र हे असत्य स्वार्थासाठी नव्हते. एका स्त्रीचे घर राहावे म्हणून साक्षीदाराने आपल्या जिवलग भावाची माया भर न्यायालयात सोडून दिली. आपल्याला प्रिय ते दुसऱ्यासाठी सोडणे, हीच या समाजातील स्त्रियांची रीत असल्याचा याहून ठोस पुरावा या न्यायालयासमोर आजवर आलेला नाही.'

त्यानंतर घर नंबर, चतुःसीमा, दावा नामंजूर.

माझ्यावर खोट्या साक्षीचा खटलासुद्धा केला नाही. तसं केलं तर रीत वाईट दिसली असती.

मला कधीकधी वाटतं, त्या यंत्रात दुष्टपणाचा कण असता तर आपण वाचलो असतो. दुष्ट माणूस चुकतो, थकतो, ओशाळतो. हा प्रत्येकात चांगलंच बघतो. तुम्ही गप्प बसा, तो म्हणेल समंजस. रडा, म्हणेल प्रेमळ. खोटं बोला, म्हणेल त्यागी. त्याला दिसेल असं वाईट वागायचं तरी कसं, हे आमच्या बायकांना कुणी शिकवलंच नाही.

मुनीराने वरच्या कोर्टात अपील केलं आणि तोपर्यंत खोल्या रिकाम्या करायला स्थगिती मिळवली. अपिलात मुद्दा एकच आहे. साक्षीदार शपथेवर 'नाही' म्हणाली, तर त्या 'नाही'चा अर्थ 'हो' असा लावायचा हक्क कुणालाच नाही.

"म्हणजे तुमचं ते 'खोटं आहे' एवढाच आता खांब आहे, मावशी," ती म्हणाली. "तुम्ही कुठेही, कुणाजवळही ते मागे घेतलंत, की छप्पर खाली."

"अपिलाला किती दिवस?"

"दोन वर्षं. तीन." ती माझ्याकडे न बघता म्हणाली.

त्या निकालाचा आणखी एक परिणाम झाला. 'यापुढे स्त्रियांचे उद्गार दस्तलेखकामार्फत नव्हे, तर थेट नोंदले जावेत' अशी शिफारस होती. चैत्र लागला तशी शेडमधल्या प्रत्येक टेबलावर पेढ्याच्या डबीएवढी एक काळी पेटी बसवली. तिच्यावर हिरवा ठिपका. समोर कुणीही बसलं की तो लागतो, आणि बोललेलं सगळं सरळ अन्वयकडे जातं. बायका आता माझ्यासमोर बसून काही बोलत नाहीत. घर नंबर सांगतात, अंगठा लावतात, उठतात.

परवा भर दुपारी दादा आले. रांगेत उभे राहून आले. नंबर आला तसे समोरच्या खुर्चीत बसले. हिरवा ठिपका लागला.

बारीक झाले होते. शर्टाचं वरचं बटण लावलेलं, दाढी केलेली. माझ्याकडे यायला म्हणून त्यांनी कधी दाढी केली नव्हती.

"निकाल वाचला," ते म्हणाले. "पोराने मोबाइलवर काढून दिला. त्यात लिहिलंय की तुझ्या मनात तसं नव्हतं."

मी कीबोर्डवर हात ठेवून बसले.

"मशीन म्हणतं म्हणून मानायचं, तर मानतो मी. शिकलेलं मशीन आहे." त्यांनी हेल्मेट एका मांडीवरून दुसऱ्या मांडीवर घेतलं. "पण नले, मला ते मशीनकडून नको. तुझ्या तोंडून एकदा सांग. जास्त नको. हो किंवा नाही. मग मी जातो."

रस्त्यापलीकडे पेठेच्या तोंडाशी चंद्रकलेची गच्ची दिसते. साड्या अंथरल्या होत्या, त्यांवर शेवया होत्या, आणि ती वाकून एकेक लड सुटी करत होती. हंगामाचा पहिला आठवडा होता.

ठिपका लुकलुकत नाही. नुसता असतो.

रांगेतल्या बायका ऐकत होत्या. दादांना कमी ऐकू येतं म्हणून ते माझ्या ओठांकडे बघत होते. ओठ मी मिटून घेतले.

"दस्ताचं काही काम आहे का?" मी विचारलं.

त्यांना आधी कळलं नाही. मग कळलं.

"नाही," ते म्हणाले. "काम काही नाही."

खुर्ची मागे सरकवून ते उठले, उठताना टेबलाचा आधार घेतला, आणि शेडच्या बाहेर उन्हात जाऊन थोडा वेळ उभे राहिले, स्कूटर कुठे लावली ते आठवत नसल्यासारखे. मी पुढच्या बाईला तिचं नाव विचारलं.